चटक्यावर काय लावायचं ते नको, हात किती वेळ धरायचा ते छापा

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत स्वयंपाकघरात चटका बसला तर करायच्या झटपट घरगुती उपायांची एक चौकट आली होती, सात उपाय होते, त्यातले सहा “लावा” या शब्दाने संपत होते. टूथपेस्ट लावा, लोणी लावा, अंड्याचा पांढरा भाग लावा, मध लावा, कोरफड लावा, दुधात भिजवलेला कापूस लावा. आणि पाचव्या नंबरला, मध्येच कुठेतरी, “थोडा वेळ थंड पाण्याखाली धरा” असं एक वाक्य. हे पत्र त्या पाचव्या नंबरसाठी आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या “थोडा वेळ” या दोन शब्दांसाठी आहे. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण या दोन शब्दांपायी माझ्या मनगटावर चार बोटं लांब डाग आहे म्हणून मी त्यावर जरा जास्तच वाचलंय.

झालं असं की दोन वर्षांपूर्वी रविवारी मी स्वयंपाक करत होतो, पातेल्यावरचं झाकण उचललं ते नेमकं स्वतःच्या बाजूला तिरकं करून उचललं. झाकण नेहमी आपल्यापासून लांबच्या बाजूने उघडायचं, वाफ पलीकडे जाऊ द्यायची, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, घाई होती. वाफेचा लोट सरळ मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते तिथे. मी झाकण टाकलं, नळ सोडला, हात धरला, आग थांबल्यासारखी वाटली, हात काढला. एक मिनिट झालं असेल नसेल. तेवढ्यात फोनवर आई, तिला कळल्यावर पहिलं वाक्य, “अरे पेस्ट लाव आधी, फोड येणार नाही.” लावली. चांगली जाड लावली. आणि काय सांगू, इतकं गार वाटलं की मी गॅस पुन्हा चालू करून राहिलेला स्वयंपाक पूर्ण केला!

रात्री पेस्ट वाळून तिला तडे गेले, खाली ठणका सुरू, आणि सकाळी बघतो तर पेस्टच्या पापुद्र्याखाली टरारून फोड आलेले, एक फुटून त्यात पेस्ट चिकटलेली. दवाखान्यात गेलो. सिस्टर कापूस ओला करकरून ती पेस्ट सोडवत होत्या आणि प्रत्येक कण निघताना कातडीचं पापुद्रंही बरोबर येत होतं, भाजलं तेव्हा मी ओरडलो नव्हतो, तेव्हा ओरडलो. डॉक्टरांनी एकच विचारलं, “पाण्याखाली किती वेळ धरला होतात?” मी म्हटलं, धरला होता ना, असेल एक मिनिट. ते म्हणाले वीस मिनिटं धरायचा असतो. मला वाटलं गंमत करतायत.

तर गंमत नाही. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात भाजलेल्यांवर उपचार करणारे डॉक्टर २० मिनिटं सांगतात, अमेरिकेत काही ठिकाणी निदान १० मिनिटं म्हणतात, पण एक मिनिट कोणीच म्हणत नाही. वाहतं, नळाचं, साधं गार पाणी. फ्रीजमधलं नको, बर्फाचं तर नकोच. आणि भाजल्यापासून ३ तासांच्या आत कधीही सुरू केलं तरी उपयोग होतो, म्हणजे तेव्हा घाबरून काही सुचलं नाही, पेस्ट थापली, अर्धा तास गेला, तरी ती धुऊन टाकून नळाखाली उभं राहता येतं. हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर डाग दोन बोटांवर आला असता कदाचित.

आता पेस्टने गार का वाटतं? पेस्टमध्ये पुदिन्याचं मेंथॉल असतं, ते थंडी कळवणाऱ्या नसांना डिवचतं, त्यामुळे मेंदूला निरोप जातो की गार झालं, पण कातडीचं तापमान काही त्यामुळे उतरत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तोच प्रकार. वर पेस्टमध्ये दात घासायला खडूसारखी किंवा वाळूसारखी बारीक पूड असते, फेस यायला साबणासारखं डिटर्जंट असतं, वास असतो, ते दाताच्या कवचासाठी ठीक आहे, सोललेल्या कातडीसाठी नाही. हे डॉक्टर म्हणालेच, “अहो, पेस्ट दाताची आहे, दाताला लावा.”

कातडीच्या आत काय चाललेलं असतं ते एकदा समजलं की वीस मिनिटांचं कोडं सुटतं. चटका बसला त्या क्षणी गरम वस्तू लांब गेली तरी उष्णता आत शिरलेली असते, ती लगेच नाहीशी होत नाही, कातडी आतल्या आत शिजत राहते (वाईट शब्द आहे पण तसंच होतं). १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघा अमेरिकन संशोधकांनी तापमान आणि वेळ यांचं गणित मांडलं होतं, ४४ अंश सेल्सिअसला कातडी जळायला जवळपास ६ तास लागतात आणि ६० अंशाला साधारण ५ सेकंद पुरतात. म्हणजे भाजणं हे फक्त किती गरम यावर नाही, किती वेळ यावरही आहे. नळाचं पाणी तो वेळच तोडतं.

दुसरी गोष्ट जॅक्सन नावाच्या इंग्रज सर्जनची, त्याने भाजलेल्या जागेची तीन वर्तुळं सांगितली. अगदी आतलं वर्तुळ मेलेलं, त्याला कोणी वाचवू शकत नाही. सगळ्यात बाहेरचं नुसतं लाल, ते आपोआप बरं होतं. आणि या दोघांच्या मधलं जे आहे ते अधांतरी असतं, तिथला रक्तपुरवठा मंदावलेला, एक-दोन दिवसांत ते इकडे जगतं नाहीतर तिकडे मरतं. सगळा खेळ या मधल्या पट्ट्याचा आहे. आपण पहिल्या अर्ध्या तासात काय करतो त्यावर त्याचं नशीब बरंचसं ठरतं. माझ्या मनगटावरच्या डागाचा निम्मा भाग हा त्या मधल्या पट्ट्याचा आहे असं मी आता समजून चालतो.

वाफेबद्दल एक सांगतो कारण लोक तिला हलक्यात घेतात. उकळत्या पाण्याचा थेंब आणि तेवढीच वाफ, दोन्ही १०० अंशाला, तर सारखंच भाजायला पाहिजे ना? नाही. एक ग्रॅम वाफ कातडीवर पडून पाणी होताना जवळपास ५४० कॅलरी सोडते, आणि मग त्या पाण्याची उष्णता वेगळीच, ती ६०-६५ कॅलरी. म्हणजे एकूण थेंबाच्या नऊ-दहापट. तळणीचं तेल वेगळ्या कारणाने वाईट, ते १८० अंशाच्या आसपास असतं आणि पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून बसतं. कपड्यावर उडालं तर कपडा आधी काढायचा, पण कातडीला चिकटलेला असेल तर ओढायचा नाही, तसंच वरून पाणी सोडायचं.

आता दुसऱ्या वेळचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या लेकीच्या, वय वर्षं बारा, हातावर किटलीतलं उकळतं पाणी सांडलं, अंगठ्यापासून पंजाच्या पाठीवर. यावेळी मी तयार होतो. आधी तिच्या बोटातली अंगठी काढली, हातातलं कडं काढलं, हे पहिल्या मिनिटातच करायचं कारण सूज आली की अंगठी अडकते आणि मग ती कापावी लागते. मग सिंकचा नळ बारीक धारेवर सोडून हात त्याखाली, जोरात धार नको, ती जखमेवर आपटते. आणि ओव्हनचा टायमर वीसवर लावला. मोबाईलवर लावू शकता, पण ओव्हनचा बंद करायला कोणी मध्ये येत नाही, म्हणून तो.

पहिली दोन मिनिटं रडणं. तिसऱ्या मिनिटाला ती म्हणाली, “बाबा, बरं झालं, आग नाही होत.” मी मुद्दाम म्हटलं, काढ बघू. काढला, अर्धं मिनिट गेलं नाही तोच चेहरा वाकडा, परत नळाखाली. हे जे तिसरं मिनिट आहे ना संपादक महोदय, इथेच सगळे फसतात, मी इथेच फसलो होतो. पाण्याने वरची आग लगेच थांबते आणि आपल्याला वाटतं काम झालं. आठव्या मिनिटाला तिला उभं राहून कंटाळा आला, स्टूल दिलं. बाराव्या मिनिटाला ती थोडी कुडकुडायला लागली तेव्हा अंगावर शाल टाकली, हेही मी वाचलेलं होतं, गार करायचं ते भाजलेल्या जागेला, माणसाला नाही, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना पटकन थंडी भरते. पंधराव्या मिनिटाला शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी विचारलं, “नुसतं पाण्यात काय धरून बसलायत, काही लावलं की नाही?” आणि मला त्या क्षणी कळलं की आपण काहीतरी का लावतो ते. नळाखाली हात धरून बसलं की काही केल्यासारखंच वाटत नाही. बघणाऱ्यालाही वाटत नाही. काहीतरी फासलं की आईचा, काकूचा, आपला जीव शांत होतो, जखमेचं काय व्हायचं ते होवो.

टायमर वाजला तेव्हा हात लाल होता, बोटं पाण्याने सुरकुतलेली, फोड एकच आला तोही दुसऱ्या दिवशी, शेंगदाण्याएवढा. फोडला नाही. फोडाच्या आतलं पाणी आणि वरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी, तिला सुईने टोचायची हौस कोणाला तरी असतेच घरात, त्याला आवरायचं. तो हात आम्ही जेवणावर गुंडाळतात त्या क्लिंग फिल्मने झाकला, रोलचा पहिला थोडा भाग फेकून देऊन पुढचा घ्यायचा, आणि हाताभोवती घट्ट वेटोळे न घालता वरून नुसती पट्टी ठेवायची, सूज यायला जागा राहिली पाहिजे. पंजा असेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवीही चालते. कापूस नको, त्याचे तंतू चिकटतात. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, वयाच्या हिशोबाने. बस्स. एवढंच. दहा दिवसांत नुसता गुलाबी ठिपका राहिला होता, आता शोधावा लागतो.

तुमच्या बाकीच्या उपायांकडे येतो, सगळेच फालतू आहेत असं मी म्हणत नाही, पण ते चुकीच्या वेळी सांगितलेत.

लोणी, तूप, तेल: चरबीचा थर बसला की खालची उष्णता बाहेर पडायला अडते, आणि डॉक्टरला जखम बघायची तर आधी हे सगळं पुसावं लागतं. अंड्याचा पांढरा भाग म्हणजे कच्चं अंडं, त्यात साल्मोनेला हा जंतू असू शकतो, आणि आपण तो थेट सोललेल्या जागी फासायचा. पीठ, कॉफी पावडर, हळद यांचं आणखी एक, ते रंग झाकतात. भाजलेल्या जागेचा रंग हीच डॉक्टरची पहिली खूण असते, लाल आहे का गुलाबी-ओलसर आहे का पांढरट, ती पिवळ्या लेपाखाली कशी दिसणार.

बर्फ. याबद्दल माझं घरीही भांडण होतं कारण गारच करायचं तर बर्फ सगळ्यात गार, हे तर्काला पटतं. पण बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात, आणि तो मधला अधांतरी पट्टा आधीच रक्तासाठी तडफडत असतो, त्याचं उरलंसुरलं रक्तही तुटतं. भाजलेल्या जागेला संवेदना कमी असेल तर वर हिमदंशही होऊ शकतो. म्हणजे एकाच कातडीला एकाच दिवशी दोन्ही टोकं.

दूध तुमच्या यादीत कुठून आलं याचा मला एक अंदाज आहे. मिरची चिरल्यावर हाताची जी आग होते तिच्यावर दूध खरंच चालतं, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. पण ती आग खोटी असते, कॅप्सेसिन गरम कळवणाऱ्या नसांना फसवतं, कातडी भाजलेली नसते. म्हणजे पेस्ट खोटं गार करते आणि मिरची खोटं गरम, दोन्ही एकाच जातीच्या फसवणुकी, आणि चौकटीत दोन्हींची सरमिसळ झाली.

कोरफडीला मात्र मी विरोध करणार नाही. पण वीस मिनिटांनंतर, आणि कातडी अखंड असेल, नुसती लाल असेल तरच. पान कापल्यावर कडेने जो पिवळा कडवट चीक येतो तो निथळू द्यायचा, तो काहींच्या कातडीला चुरचुरतो, आतला पारदर्शक गर तेवढा घ्यायचा. साधी पेट्रोलियम जेलीही पुढच्या दिवसांत तेवढंच काम करते, जागा कोरडी पडून ताणत नाही, आणि तिला वास नाही, चीक नाही. मधाबद्दल तर चांगला पुरावा आहे, वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात असं आलं की फार खोल न गेलेल्या भाजलेल्या जखमा मधाच्या ड्रेसिंगने नेहमीच्या काही ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर भरतात. पण दवाखान्यात जखमेवर लावायला जो मध वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो, ज्या बरणीत घरातल्या सगळ्यांचे चमचे जाऊन आलेत तो नव्हे. आणि तोही गार करून झाल्यावरच, आधी नाही.

आणखी एक राहिलं, फुंकर. फुंकर मारू नये असं पुस्तकात लिहितात, तोंडातले जंतू जातात म्हणून. ते खरं आहे. पण लेकीचा हात भाजला तेव्हा मी आधी काय केलं असेल तर फुंकर मारली, तिच्यापुढे पुस्तकाचं काही चालत नाही, फक्त फुंकर मारतमारत नळाकडे चालायला लागायचं.

डॉक्टरकडे कधी जायचं हे तुमच्या चौकटीत अजिबातच नव्हतं, ते यायला हवं होतं. आपल्या भाषेनेच याच्या पायऱ्या करून ठेवल्यात बघा, चटका बसतो, पोळतं, भाजतं, होरपळतं. चटका म्हणजे लाल, कोरडं, दाबलं की पांढरं पडून परत लाल होतं, आठवड्याभरात जातं, घरी बघून घ्या. पोळलं म्हणजे फोड, ओलसर गुलाबी, हात लावू देत नाही इतकं दुखतं, लहान असेल तर घरी, नाहीतर दाखवा. आणि पांढरट, तपकिरी किंवा काळं, चामड्यासारखं कडक आणि दुखत नाही असं असेल तर न दुखण्याचा आनंद मानू नका, नसाच जळल्यात, लगेच निघायचं. भाजलेल्या माणसाच्या स्वतःच्या हाताच्या पंजापेक्षा मोठी जागा असेल, चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा किंवा जांघेजवळ असेल, बाळ असेल, म्हातारं माणूस असेल, मधुमेह असेल, विजेने किंवा ॲसिडसारख्या कशाने भाजलं असेल, तर जागा केवढीशी आहे हे बघत बसायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवायचं, बरीच वर्षं होऊन गेली असतील तर विचारायचं. आणि घरी ठेवलेल्या जखमेवरही दोन-चार दिवस लक्ष ठेवायचं, लाली पसरायला लागली, पू आला, वास आला, किंवा लहान मुलाला ताप, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब असं काही झालं तर जखम कितीही बारीक असली तरी त्याच दिवशी दाखवायचं.

(या हिशोबाने लेकीचा पंजाही दाखवायलाच हवा होता. माझ्या वेळी मी मनगट म्हणून थांबलो होतो. मनगट हा सांधा आहे हे मला डॉक्टरांनी सांगितलं.)

एक शंका कोणीतरी काढेलच की वीस मिनिटं नळ सोडायचा म्हणजे पाणी किती जाईल. बारीक धार ठेवा, खाली बादली ठेवा, ते पाणी झाडांना घाला. नळाला पाणीच नसेल तर पातेल्यात गार पाणी घेऊन हात बुडवा आणि कोमट झालं की बदला, नाहीतर ओला स्वच्छ कपडा ठेवून तो दर दोन मिनिटांनी बदलत राहा, नळाइतकं चांगलं नाही पण पेस्टपेक्षा शंभर पटींनी बरं.

तर माझी विनंती एवढीच की ती चौकट पुन्हा छापा. त्यातला पाच नंबरचा उपाय एक नंबरला घ्या, “थोडा वेळ” खोडून तिथे “२० मिनिटं, घड्याळ लावून” असं लिहा, आणि बाकीच्या सहा उपायांची जागा एखाद्या जाहिरातीला दिलीत तरी माझी काही हरकत नाही. फक्त टूथपेस्टची देऊ नका.

आपला,
मनगटावर डाग असलेला एक नियमित वाचक